तीन फुटी फिश टँकसाठी लाकडी स्टँड: उतार एकवेळ चालतो, पीळ चालत नाही

फिश टँकचा स्टँड दिसायला टेबलासारखा असला तरी त्याचं काम टेबलाचं नसतं. टेबलावर वजन येतं आणि जातं. इथे दोनशे किलो वजन बसतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. शिवाय टेबलाची फळी सूतभर वाकली तर कोणाला कळतही नाही, पण टाकीखालची फळी तेवढी पिळली तर सिलिकॉनच्या सांध्यावर ताण येतो आणि एखाद्या रात्री हॉलमध्ये शंभर लिटर पाणी होतं. त्यामुळे घरी स्टँड करताना मजबुतीइतकंच लक्ष सपाटीकडे द्यावं लागतं.

या लेखातली मापं ३६ × १५ × १८ इंची, म्हणजे आपल्याकडे ‘तीन फुटी’ म्हणतात त्या टाकीची आहेत. टाकी काचेच्या दुकानातून बनवून घेतलेली, ८ मिलिमीटर काचेची, प्लॅस्टिकची चौकट नसलेली असं धरलं आहे. सगळी मापं इंच आणि सुतात आहेत, कारण वखारीत आणि सुताराकडे तीच भाषा चालते. आठ सूत म्हणजे एक इंच.

आधी वजनाचा हिशेब

पूर्ण आकारमान धरलं तर ही टाकी १५९ लिटरची आहे. काचेची जाडी, वरची दोन इंच मोकळी जागा आणि वाळूने अडवलेली जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण १२० लिटर मावतं, म्हणजे १२० किलो. रिकामी टाकी ३० किलोच्या आसपास. दोन इंच जाडीचा वाळूचा थर २५ किलोच्या पुढे जातो. दगड, फिल्टर, झाकण धरून आणखी १५ किलो. म्हणजे स्टँडच्या डोक्यावर १९० ते २०० किलो, आणि स्टँडचं स्वतःचं वजन पन्नासेक किलो. जमिनीवर एकूण २५० किलोंपर्यंत भार येतो.

राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २०० किलोंच्या हिशेबाने धरतात. आपल्या स्टँडखालची जागा जेमतेम ०.४ चौरस मीटर आहे, म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरता भार तिप्पट होतो. पण तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या वजनासाठी असतो, त्यामुळे धड स्थितीतल्या आरसीसी इमारतीत तीन फुटी टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवायला अडचण येत नाही. खोलीच्या मधोमध मात्र ठेवू नये. पाच-सहा फुटी टाकी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या चाळीत किंवा वाड्यात कडीपाटाची जमीन असेल, तर कड्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहा आणि स्टँडची लांब बाजू त्यांना आडवी येईल असा ठेवा. असं केलं की वजन एकाऐवजी दोन-तीन कड्यांवर वाटलं जातं. कडीला वाळवी किंवा ओल लागलेली असेल तर त्या खोलीत टाकीच नको.

लाकूड कोणतं घ्यावं

सागाचा मोह होतो. पण बल्लारशाचा साग घेऊन स्टँड केला तर तो टाकीपेक्षा महाग पडतो, नाकापेक्षा मोती जड. शिवाय स्वस्तातला साग म्हणून जे विकलं जातं त्यात बाहेरचा पांढरा भाग बराच असतो. सागाला वाळवी लागत नाही ही ख्याती गाभ्याच्या लाकडाची. पांढऱ्या भागाला कीड लागते आणि वाळवीही लागते. आपल्या कामाला वाळलेलं, सरळ, बारीक गाठींचं पाईन पुरतं. आतला सांगाडा शेवटी प्लायने झाकलाच जाणार आहे.

वखारीत ‘तीन बाय दोन’च्या १० फुटी चार पट्ट्या मागा. लाकूड घनफुटावर विकतात. या जाडीच्या २४ फूट लांबीला एक घनफूट होतो, तेव्हा ४० फुटांचे पावणेदोन घनफुटांपेक्षा जास्त पैसे लागता कामा नयेत. पट्ट्या निवडताना प्रत्येक पट्टीचं एक टोक डोळ्याजवळ धरून दुसऱ्या टोकाकडे बघा. बाक असेल तर लगेच दिसतो, पीळ असेल तर टोकाची कड तिरकी दिसते. थोडा बाक खपवून घेता येतो, पिळलेली पट्टी परत ठेवा. गाठ कडेला असेल आणि अंगठ्यापेक्षा मोठी असेल तर तीही नको, कारण लाकूड तिथेच मोडतं. हाताला गार आणि दमट लागणारं, अपेक्षेपेक्षा जड लाकूड ओलं असतं. घरी आल्यावर ते सुकतं, आकसतं आणि तुम्ही काटकोनात जोडलेली चौकट आपोआप वेडीवाकडी होते. पावसाळ्यात वखारीतलं उघड्यावरचं लाकूड घ्यावं लागलंच, तर घरात पंख्याखाली, मध्ये बारीक काड्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा.

पट्ट्यांना तिथेच चारही बाजूंनी रंधा मारून घ्या. रंध्यानंतर तीन बाय दोनची पट्टी साधारण पावणेतीन बाय पावणेदोन उरते. खालची मापं त्या हिशेबाने आहेत. तुमची पट्टी वेगळी उतरली तर पाय आणि आडव्या पट्ट्यांची लांबी त्याप्रमाणे बदला.

प्लायला वजन आणि ओल दोन्ही सोसायचं असतं, तेव्हा तो घेताना कंजूषपणा करू नका. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड सरळ बाद. पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं आणि सुकल्यावर परत मूळ जाडीवर येत नाही. प्लायमध्ये एमआर दर्जा फक्त दमट हवेपुरता असतो. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा दर्जा घ्या, आणि खिसा परवानगी देत असेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय. शीटवर छाप असतो तो वाचून घ्या. ६ × ३ फुटाची १८ मिलिमीटरची एक आणि त्याच मापाची १२ मिलिमीटरची एक, एवढ्या दोन शीटमध्ये सगळं काम होतं.

बाकी सामान: पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन अर्धा किलो, १० नंबरचे ३ इंची स्टेनलेस किंवा गॅल्वनाइज्ड स्क्रू ८०, प्लायसाठी दीड इंची ५० आणि सव्वा इंची ५०, स्टेनलेसच्या चार बिजागऱ्या, दोन मुठी, दोन मॅग्नेट कॅचर, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), पॉलिश पेपर, प्रायमर आणि ऑइल पेंट, १२ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू स्वस्त आणि हाताशी असतात, पण ते ठिसूळ असतात. आवळताना डोकं तुटतं आणि दमट जागी गंजतातही लवकर.

वजन कुठून कुठे जातं

कापायला बसण्यापूर्वी हे एक समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे चार उंच पाय उभे करायचे आणि आडव्या पट्ट्या त्यांच्या अंगाला बाहेरून स्क्रूने ठोकायच्या. अशा स्टँडमध्ये सगळं वजन स्क्रूवर लोंबकळतं. तो पहिल्या दिवशी पडत नाही, पण हळूहळू स्क्रूच्या भोवतीचं लाकूड दबतं आणि एक कोपरा खाली बसतो.

आपल्या स्टँडमध्ये लाकूड लाकडावर बसतं. वरची चौकट पायांच्या डोक्यावर टेकते, पाय खालच्या चौकटीवर टेकतात आणि खालची चौकट जमिनीवर. सगळे स्क्रू काढून घेतले तरी वजन उभंच राहिलं पाहिजे. स्क्रू आणि फेविकॉल फक्त तुकडे जागेवर धरून ठेवायला.

दुसरी गोष्ट, आडव्या पट्ट्या उभ्या धारेवर लावायच्या, म्हणजे पावणेतीन इंचाची बाजू उभी. तीच पट्टी झोपवून लावली तर जवळजवळ अडीचपट जास्त वाकते. चार फुटी टाकीसाठी म्हणूनच तीन बाय दोनऐवजी चार बाय दोन घ्यावी लागते. एका इंचाच्या वाढीव खोलीने पट्टी सुमारे अडीचपट ताठ होते.

काप

दहा फुटी चार पट्ट्यांतून तुकडे असे निघतात:

पहिली पट्टी: ३७ इंचाचे तीन.
दुसरी: ३७ चा एक, २९ चा एक, पावणेचोवीसचा एक, साडेबाराचे दोन.
तिसरी: २९ चे तीन, पावणेचोवीसचा एक.
चौथी: पावणेचोवीसचे दोन, साडेबाराचे चार.

म्हणजे ३७ च्या चार लांब पट्ट्या, साडेबाराच्या सहा आडव्या पट्ट्या, पावणेचोवीसचे चार पाय आणि २९ च्या चार जोडपट्ट्या. टोकाला चीर असेल तर इंचभर कापून टाका आणि मगच मोजायला सुरुवात करा. करवतीची धार प्रत्येक कापाला सूतभर लाकूड खाते, म्हणून सगळ्या खुणा एकदम करून कापत सुटू नका. एक काप झाला की पुढचं माप नव्याने घ्या.

या सगळ्यात लांबीचा नेमकेपणा पायांत हवा. चारही पाय कापले की सपाट फरशीवर जवळजवळ उभे करा आणि डोक्यांवरून बोट फिरवा. बोटाला जो खड्डा लागेल तोच उद्या टाकीला लागणार. चौघांना एकत्र शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) आवळून डोकी एकदम घासली तर फरक राहत नाही. एखादा पाय एक सूत आखूड झाला तर त्याच्या डोक्यावर पत्र्याचा तुकडा घालू नका. बाकीचे तीन सूतभर कमी करा. स्टँड सूतभर बुटका झाल्याने काही बिघडत नाही.

१८ मिलिमीटरच्या शीटमधून ३७ × १६ चे दोन तुकडे, म्हणजे वरची फळी आणि तळाची फळी, आणि उरलेल्या भागातून सव्वासतरा × पावणेपंचवीसची दोन दारं निघतात. १२ मिलिमीटरमधून पाठ ३७ × साडेएकोणतीस आणि दोन बाजू साडेसोळा × साडेएकोणतीस. हे काप प्लायच्या दुकानात मोठ्या करवतीवर करून घ्या. हातकरवतीने लांब प्लाय सरळ कापणं सरावाशिवाय जमत नाही आणि कडेची पापुद्री उचकटते.

चौकटी

वरची आणि खालची चौकट सारखीच. ३७ च्या दोन पट्ट्या समोरासमोर, मध्ये साडेबाराच्या तीन: दोन टोकांना, एक मधोमध. बाहेरून माप ३७ × १६ येतं, टाकीपेक्षा सगळीकडून अर्धा इंच जास्त.

प्रत्येक सांध्याला दोन स्क्रू, समोरून लांब पट्टीतून आडव्या पट्टीच्या टोकात. भोकं दोन मापांची पाडायची. बाहेरच्या पट्टीत ५ मिलिमीटरचं, स्क्रू मोकळा जाईल असं. आतल्या पट्टीत ३ मिलिमीटरचं, आट्या पकडतील असं. एकाच बारीक भोकातून स्क्रू ठोकला तर आट्या दोन्ही लाकडांत पकडतात आणि मधली फट कितीही आवळलं तरी मिटत नाही. भोक न पाडताच स्क्रू मारला तर पाईनचं टोक हमखास फाटतं.

फेविकॉल दोन्ही अंगांना लावा, शिकंजा आवळा, मग स्क्रू. पूर्ण आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ३७ × १६ च्या काटकोनी चौकटीचा कर्ण ४० इंच अडीच सूत येतो. आकडा नेमका जुळला नाही तरी चालेल, पण दोन्ही कर्ण एकमेकांइतके हवेत. एक जास्त असेल तर त्याच कर्णाचे दोन कोपरे एकमेकांकडे दाबून घ्या. गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून फक्त एक कोपरा तपासणं पुरेसं नसतं.

उलटा उभारा

वरची चौकट सपाट फरशीवर उलटी ठेवा. म्हणजे टाकीकडची बाजू फरशीला लागते आणि फरशीचा सपाटपणा तिला मिळतो. चार कोपऱ्यांवर चार पाय उभे करा. पायाची पावणेदोन इंचाची बाजू चौकटीच्या लांबीकडे आणि पावणेतीनची रुंदीकडे ठेवायची. असं ठेवलं की पाय लांब पट्टीचं टोक पूर्ण झाकतो आणि शिवाय आडव्या पट्टीवरही इंचभर येतो, दोन्ही पट्ट्यांना त्याचा आधार मिळतो.

आता प्रत्येक कोपऱ्यात आतून एक जोडपट्टी. ती चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात बसते, लांब पट्टी, आडवी पट्टी आणि पाय, तिन्हींना चिकटून. जोडपट्टीच्या खाली ६ मिलिमीटर प्लायचा तुकडा ठेवून मगच ती उभी करा, जोडून झाल्यावर तुकडा काढून घ्या. जोडपट्टी चौकटीच्या वर केसभर जरी डोकावली तरी वरची फळी त्या कोपऱ्यात उचलली जाते. पाव इंच आखूड ठेवण्याचं कारण हेच.

स्क्रू बाहेरून आत मारायचे: लांब पट्टीतून जोडपट्टीत दोन, आडव्या पट्टीतून जोडपट्टीत दोन, पायातून जोडपट्टीत तीन. पायातले तीन स्क्रू पायाच्या मागच्या कडेपासून अर्धा इंचावर यावेत, कारण जोडपट्टी पायाला तेवढ्याच भागात चिकटलेली असते. दोन बाजूंचे स्क्रू आत एकमेकांना भिडणार नाहीत असे वरखाली घ्या. नंतर खालची चौकट वरून बसवा आणि तसेच स्क्रू. फेविकॉल सुकायला २४ तास द्या, पावसाळी हवेत दुप्पट. मग दोघांनी मिळून सुलटा करा.

यावेळी सांगाडा हाताने ढकलला तर थोडा डोलेल. घाबरू नका, डोलणं थांबवण्याचं काम प्लायचं आहे. पाठीचा तुकडा आणि दोन्ही बाजू फेविकॉल आणि दर सहा इंचांवर सव्वा इंची स्क्रूने लावा. वरची फळी अजून यायची आहे, तिच्या जाडीएवढा हा प्लाय चौकटीच्या वर निघेल असा लावा म्हणजे फळीची कडही झाकली जाईल. पाठ लावली की तोच सांगाडा दगडासारखा बसतो. ‘मागून कोण बघतंय’ म्हणून पाठ उघडी ठेवली तर टाकी भरल्यावर स्टँड डावी-उजवीकडे झुकायला मोकळा राहतो. पाइप आणि वायरींसाठी पाठीत वरच्या दोन कोपऱ्यांपासून सहा-सहा इंच आत दोन-दोन इंचांची गोल भोकं पुरतात. मोठी खिडकी कापली की पाठ लावूनही न लावल्यासारखी.

तळाची फळी मधोमध कापून दोन तुकड्यांत बसवायची. अखंड ३७ इंची फळी पायांच्या मधून आत जात नाही, हे बऱ्याच जणांना सगळं जोडून झाल्यावर कळतं. कोपऱ्यात पाय आणि जोडपट्टीच्या आकाराची खाच काढा, तुकडा समोरून आत घ्या आणि बाजूला सरकवा. दोन तुकड्यांचा सांधा मधल्या आडव्या पट्टीवर येतो. आत दोन्हीकडच्या जोडपट्ट्यांमध्ये तीस इंच जागा मोकळी राहते. पुढेमागे सम्प, म्हणजे स्टँडच्या आत ठेवायची फिल्टरची टाकी, लावायचा विचार असेल तर त्याची टाकी त्या मापात करून घ्या.

वरची फळी दीड इंची स्क्रूने, फेविकॉल लावून. स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडलीच पाहिजेत. त्यावर लांबी भरा आणि सुकल्यावर घासून सपाट करा.

दोऱ्याची परीक्षा

इथे घाई करू नका. स्टँड जागेवर ठेवा आणि वरच्या फळीवर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे कर्णावर ताणून बांधा. चारही कोपऱ्यांवर दोऱ्याखाली सारख्या जाडीचा, समजा १२ मिलिमीटर प्लायचा एकेक तुकडा ठेवा. मध्यावर दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. वरचा दोरा खालच्याला ढकलत असेल किंवा दोघांत फट असेल, तर फळीला पीळ आहे. दोऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा बघा, म्हणजे फट लपून राहत नाही.

पीळ बहुतेक वेळा स्टँडमध्ये नसतो, फरशीत असतो. घरातली फरशी सपाट दिसते, पण न्हाणीघराकडे किंवा दाराकडे तिला उतार दिलेला असतो. म्हणून स्टँड थेट फरशीवर न टेकवता पायांच्या बरोबर खाली ग्रॅनाइटचे तीन-तीन इंची चार तुकडे ठेवा. दगडवाल्याकडे टाकाऊ ढिगात मिळतात. याने दोन कामं होतात. रोज फरशी पुसतानाचं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही, आणि एखादा कोपरा उचलायचा झाला तर ग्रॅनाइटखाली सनमायकाचे कपटे सरकवता येतात. सनमायका मिलिमीटरभर जाड असतो आणि कुजत नाही. पुठ्ठा, घडी केलेला कागद, लाकडी पाचर यांतलं काही नको. पहिल्याच सांडलेल्या पाण्यात ते दबतं. टाकी आणि स्टँडच्या मध्ये तर असा कपटा कधीच सारू नये. जे काही सारायचं ते पायाखाली.

पीळ गेला की स्पिरिट लेव्हल फळीवर लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. तीन फुटांत एक सूत उतार राहिला तरी टाकीला काही होत नाही, फक्त पाण्याची रेघ तिरकी दिसते आणि डोळ्याला खटकते.

भार देऊन बघा

टाकी ठेवण्याआधी स्टँडवर २०० किलो चढवा. सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या हा सगळ्यात सोपा मार्ग, गावाकडे धान्याची पोतीही चालतात. समोरच्या वरच्या लांब पट्टीच्या खालच्या धारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणा. भार नसताना दोरा पट्टीला सगळीकडे चिकटलेला हवा. गोण्या ठेवून एक रात्र गेली की मध्यावर पट्टी दोऱ्याला किती खाली ढकलते ते बघा. अर्ध्या सुतापर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर लाकूड ओलं आहे, मध्येच मोठी गाठ आहे किंवा पट्टी झोपवून लावली गेली आहे. तेव्हा मध्यावर पुढे-मागे एकेक पाय वाढवा.

कोपऱ्याला खांदा लावून आडवं ढकला. करकर आवाज आला तर एखादा सांधा फेविकॉल न धरता नुसत्या स्क्रूवर उभा आहे.

रंग

लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्याचा थेंब राहिला की तिथे पांढरा डाग उठतो. इथे ऑइल पेंट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) बरा. रंगात सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे प्लायच्या कडा. पाणी सपाट अंगातून शिरत नाही, कडेतून शिरतं. कडांना आधी पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल चोळा, सुकला की प्रायमरचे दोन हात, मग रंगाचे दोन. वरच्या फळीला आणि तिच्या कडेला एक हात जास्तीचा द्या. दारांच्या आतल्या बाजूलाही रंग हवाच, नाहीतर एका बाजूने ओल पिऊन दार वाकतं. दारं पायांवर अर्धा इंच चढतील अशी बाहेरून बसवायची. दारांच्या वरच्या भागात चार-पाच भोकं ठेवा, आत दमट हवा कोंडू नये. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, टाकी आणू नका.

टाकी चढवताना

वरची फळी ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या आणि तळव्याने चाचपून बघा. वाळूचा एक दाणा किंवा न बुडलेलं स्क्रूचं डोकं काचेखाली राहिलं तर सगळा भार त्या एका टोकावर येतो आणि तळाची काच तिथून तडकते. थर्माकोल फळीचं बारीक खडबडीतपण पोटात घेतो, पण पीळ पोटात घेत नाही, आणि असं टोक तर नाहीच. थर्माकोलची शीट टाकीच्याच मापाची, अखंड. दोन तुकडे जोडून ठेवले तर सांध्यावर काच अधांतरी राहते. तुमची टाकी खाली प्लॅस्टिकची चौकट असलेली तयार टाकी असेल तर थर्माकोल घालू नका. तिची तळाची काच मुद्दाम उचललेली असते आणि थर्माकोल ती खालून वर दाबतो.

टाकी रिकामीच उचलायची, दोघांनी, तळाला हात घालून. वरच्या काचेच्या पट्टीला धरून उचलू नका. पाणी तीन टप्प्यांत भरा. एक तृतीयांश भरलं की थांबा, चारही कोपऱ्यांत पाण्याच्या रेघेपासून काठापर्यंतचं अंतर मोजा, समोरच्या पट्टीखालचा दोरा पुन्हा बघा. दोन तृतीयांशला तेच. लेव्हल बिघडली तर पाणी काढून पायाखालचा सनमायका बदला. भरलेल्या टाकीसकट स्टँड उचकवायचा प्रयत्न कोणी करू नये. पूर्ण भरल्यावर एक दिवस तशीच ठेवा, मासे नंतर.

विजेचा बोर्ड टाकीच्या खाली किंवा मागे नको, बाजूला आणि उंचावर हवा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, सॉकेटात जात नाही. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, नसेल तर तो आधी बसवून घ्या.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा दारं उघडून बंद करून बघा. दोन्ही दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर स्टँड जागेवर आहे. पावसाळ्यात दोन्ही दारं सारखीच घट्ट झाली तर ती फुगलेली आहेत, कड थोडी घासून घ्या. पण एकच दार अचानक वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं, किंवा मधली फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली, तर रंधा हातात घेऊ नका. आधी टाकीतलं निम्मं पाणी काढा, मग बॅटरी घेऊन त्या बाजूचा पाय, त्याखालचा ग्रॅनाइट आणि पाठीचे स्क्रू बघा.